यजमानाचं माप

मलदहियाच्या अख्ख्या टायरबाजारात बाईचं नाव असलेली पाटी एकच होती. वर मोठ्या अक्षरांत 'श्रीराम व्हील अलाइनमेंट' आणि खाली, जिथे मालकाचं नाव लिहितात तिथे, 'प्रो. प्रभावती देवी साने'. त्यातलं 'देवी' पेंटरने आपल्या मनाने घातलं होतं. बनारसमध्ये बाईच्या नावापुढे देवी नसली तर पेंटरलाच काही विसरल्यासारखं वाटतं. पाटी रंगवून घेतली ती सासऱ्यांनी, श्रीरामपंतांनी. त्यांचा मुलगा दिनानाथ रेल्वेच्या इंजिन कारखान्यात लागला होता आणि त्याला दुकानात काडीचा रस नव्हता. सून फोन घ्यायला म्हणून दुकानात बसू लागली, आणि दोन वर्षांनी श्रीरामपंतांच्या लक्षात आलं की गिऱ्हाईक आपल्याकडे पाठ करून सुनेशी बोलतंय. म्हातारा शहाणा होता. रुसला नाही, पेंटरला बोलावलं.

श्रीरामपंत जाऊन आता सहा वर्षं झाली होती. नव्याण्णव साल होतं. होळी होऊन गेली होती आणि दुपारी शटरचा पत्रा हात लावण्याच्या पलीकडे तापायचा. प्रभावती अडतीस वर्षांची, अंगाने काटकुळी, आवाजाने मात्र नाही. नवखं गिऱ्हाईक आत डोकावून 'भाईसाहब कहाँ हैं?' असं विचारायचं, तेव्हा ती हातातला पाना खाली न ठेवता 'बोलिए' एवढंच म्हणायची. पुढच्या पाच मिनिटांत गिऱ्हाइकाला भाईसाहेबांचा विसर पडायचा.

तिची मोजायची तऱ्हाही बाजारात कुणाची नव्हती. बाकीचे टेप लावायचे. प्रभावती खळ दिलेल्या सुती दोरीने मोजायची, ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या. टायरवर खडूची खूण, जमिनीवर खडूची खूण, गाडी एक फेरा ढकलायची, पुन्हा जमिनीवर खूण, आणि दोन खुणांमध्ये दोरी ताणायची. ही दोरी तिने माहेरून आणली होती, म्हणजे डोळ्यांनी आणली होती. तिचे वडील वासुदेवशास्त्री याज्ञिक, मंगला गौरीच्या देवळाजवळ राहणारे. मोठ्या यज्ञासाठी वेदी आखायची तर काशीतच नव्हे, पार उज्जैन-नाशिकहून त्यांना बोलावणं यायचं. चौकोनी वेदीची गोल करायची, गोलाची पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी करायची, आणि क्षेत्रफळ मात्र तांदळाच्या दाण्याइतकंही बदलू द्यायचं नाही, आणि हे सगळं एक दोरी, चार खुंट्या एवढ्यावर. लहानपणी प्रभावती मांडवाच्या खांबाआड उभी राहून तासन् तास ते बघायची. दोरीचं एक टोक शास्त्रीबुवांच्या हातात, दुसरं एखाद्या शिष्याच्या. शिष्य नसला की ते खुंटीला बांधलेलं. मुलीच्या हातात कधीच नाही. तिने एकदा मागितलं होतं, नऊ वर्षांची असताना. वडिलांनी, अण्णांनी, रागावून नाही, नुसतं 'ते आपलं काम नाही, प्रभे' असं म्हटलं होतं. ती हे विसरली नव्हती, पण उगाळतही बसली नव्हती. अण्णा मात्र तिच्या दुकानाची पायरी कधी चढले नाहीत.

तर त्या होळीनंतरच्या सोमवारी डॉक्टर विश्वजीत घुले आपली नवी गाडी घेऊन आले. डोळ्यांचे डॉक्टर, शहरातल्या लंका भागात दवाखाना, आठ वर्षं मस्कतला काढून परत आलेले. गाडी लाल, बुटकी, दोन सीटची, छत मागे दुमडणारी. अशी स्पोर्ट्स कार बनारसमध्ये त्या वेळी दुसरी नसावी. ती थांबली तशी समोरच्या लस्सीवाल्याचा हात थांबला. डॉक्टर तिच्यातून उतरले, म्हणजे आधी एक पाय, मग पोट, मग बाकीचे डॉक्टर असे टप्प्याटप्प्याने.

"वहिनी, दिनानाथ म्हणाला सगळं सोडून तुमच्याकडेच जा." डॉक्टरांनी एक इंग्रजी मासिक उघडून समोर धरलं. त्यात अशाच गाडीला चकचकीत अलॉयची चाकं होती. "सोळा इंच. मला हीच पाहिजेत. कंपनीची ही तेरा इंची चाकं बघा ना, गाडीला एकदम बच्चा करून टाकलंय. येत्या रविवारी आमचं सगळं डॉक्टर-मंडळ गाड्या घेऊन सोनभद्रच्या डोंगरात निघालंय. त्याच्या आत बसली पाहिजेत."

एवढ्यात पलीकडच्या दुकानातून केसरवानी आलाच. वीस वर्षं या बाजारात होता, आणि न विचारता सल्ला देणं हा त्याच्या व्यवसायाचा भाग होता. "सोळह लग जाएगा डॉक्टर साहब. मडगार्ड का किनारा जरा-सा पीट देंगे, बस."

"हथौड़े से नाप नहीं बदलता, केसरवानीजी," प्रभावती म्हणाली आणि दोरी घेऊन खाली बसली.

तिने गाडी एक फेरा ढकलवून घेतली, दोरी ताणली, गाठी मोजल्या, मग पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडून डॉक्टरांपुढे ठेवला. "हे बघा. तुमचं आत्ताचं चाक टायरसकट पाचशे एकसष्ट मिलिमीटर उंच आहे. गाडी बनवणाऱ्याने सगळं या आकड्यावर बसवलंय. स्पीडोमीटर, ब्रेक, गिअर, मडगार्डची कमान, सगळं. रिम मोठी केली तर टायर तेवढाच पातळ करायचा. बाहेरचं माप तेच राहिलं पाहिजे, आतली वाटणी बदलली तरी चालते. सोळाच्या रिमवर सध्या मिळतात ते टायर चढवले तर चाक एकवीस मिलिमीटर वाढतं. स्टिअरिंग पूर्ण वळवलंत की घासणार."

"मग?"

"पंधरा इंच, एकशे पंच्याण्णव रुंदीचा पातळ टायर. उंची पाचशे छप्पन्न. कंपनीच्या मापात आणि यात पाच मिलिमीटरचा फरक. दिसेल तुमच्या मासिकासारखं आणि चालेल तुमच्या गाडीसारखं."

केसरवानी हसला. पंधरा लागतं तर सोळाही लागतं आणि सोळा लागत नाही तर पंधराही लागणार नाही, असं काहीतरी त्याने चार माणसांदेखत ऐकवलं आणि वर म्हणाला की साने बहूजी दोरीने टायर मोजते, कधीतरी फसणारच. आता, प्रभावतीला राग लवकर येत नसे. पण दोरीबद्दल कुणी बोललं की यायचा.

"टायर मडगार्ड से लग गया," ती चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तो यह बोर्ड मैं अपने हाथ से उतार दूँगी."

मुस्तकीम मियाँने कपाळाला हात लावला. हा दुकानातला मिस्त्री, श्रीरामपंतांच्या वेळचा, पन्नाशी ओलांडलेला. बहूजींचा शब्द आणि पहारीचा घाव, दोन्ही पडल्यावर मागे घेता येत नाहीत, हे त्याला अनुभवाने माहीत होतं.

चाकं दिल्लीहून बुधवारी आली. गुरुवारी प्रभावतीने ती स्वतः बसवली. चार बोल्टांचं अंतर जुळलं, मधलं भोक जुळलं. रिम रुंद होती, म्हणून चाक जरा बाहेर आलं होतं, पण मडगार्डच्या आतच होतं. टायर आणि पत्रा यांच्यामध्ये तिने बोटं घालून बघितली, दोन बोटं आरामात जात होती. मग ती गाडीत बसली आणि नदेसरच्या बाजूने चक्कर मारून आली. एक आवाज नाही. गाडी अशी देखणी दिसत होती की तिला स्वतःलाच हसू आलं. संध्याकाळी डॉक्टर गाडी घेऊन गेले आणि प्रभावती घरी जाऊन दिनानाथला म्हणाली, "केसरवानी उद्यापासून माझ्याशी नजर मिळवून बोलेल असं वाटत नाही."

शुक्रवारी सकाळी दहाला लाल गाडी परत आली. डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरले. दुसऱ्या बाजूने त्यांची बायको स्वरदा उतरली. तीही अंगाने भरलेली, आणि आज चेहराही रागाने भरलेला.

"वहिनी, घाबरवायचं नाही तुम्हाला," डॉक्टर म्हणाले, "पण मागून आवाज येतो. खड्डा आला की खर्रर्र. रेल्वे फाटकावर तर असा आला की मागचा रिक्षावाला ओरडला."

प्रभावती खाली वाकली. मागच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या खांद्यावर पत्र्याने ओळ कोरली होती, बोटाच्या पेराएवढी रुंद. रबर तासून निघालं होतं. हीच गाडी परवा डोंगराच्या वळणांवर, तापलेल्या टायरांनी धावली असती तर काय झालं असतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पाटीचा विचार त्यानंतर आला, पण आला.

केसरवानी त्याच्या दारात उभा होता.

"मुस्तकीम मियाँ, सीढ़ी लाइए."

"बहूजी, ग़ुस्से में कही बात थी. कौन पकड़ता है."

"मैं पकड़ती हूँ. सीढ़ी."

ती स्वतः चढली. साडीचा पदर कमरेला खोचून, पाना घेऊन, चार नट एकेक करून सोडले. खाली बाजार जमला होता. बोर्ड तिने मुस्तकीमच्या हातात दिला आणि मग आत नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवला. श्रीरामपंतांनी पाटी रंगवून घेतली त्या दिवशी पेढे वाटले होते, तिच्या माहेरीही पाठवले होते. ते तिला आठवलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. तिने ते लपवलं नाही, हाताच्या मागच्या बाजूने पुसलं आणि डॉक्टरांकडे वळली.

"चूक माझी आहे. जुनी चाकं परत बसवून देते, त्यावर आज गाडी न्या. उद्या सकाळी नऊला दोघंही या. चूक कुठे झाली ते तोपर्यंत मी शोधून काढते."

"तुम्ही काढाल," डॉक्टर म्हणाले. त्यांनी हे शिष्टाचार म्हणून म्हटलं असेलही, पण प्रभावतीने ते खरं धरलं.

दुपारभर ती तो कागद घेऊन बसली. आकडे बरोबर होते. पुन्हा मांडले, पुन्हा बरोबर. दोरी टेपला लावून बघितली, तीही बरोबर. शेवटी तीन वाजता तिने कागद पिशवीत टाकला आणि मैदागिनला उतरून गल्ल्यांतून मंगला गौरीकडे चालत गेली. माहेरी जाऊन रडायचा तिचा विचार नव्हता. मोजमापातली चूक शोधायची असेल तर शहरात एकच माणूस होता, आणि तो दुर्दैवाने तिचा बाप होता.

वासुदेवशास्त्री अंगणात बसून मुंज गवताची दोरी वळत होते. पंचाहत्तरी उलटली होती, बोटं मात्र अजून तरुण होती. त्यांनी मान वर केली. "या वेळी कशी आलीस? दुकान?"

"पाटी उतरवली, अण्णा." तिने सगळं सांगितलं. सोळा, पंधरा, पाचशे एकसष्ट, केसरवानी, शपथ. कागद समोर ठेवला. शास्त्रीबुवांना रिम आणि टायर यांतला फरक कळायला दोन मिनिटं लागली. पण एकदा कळल्यावर त्यांची नजर आकड्यांवरून झरझर फिरली.

"हिशेब चोख आहे," ते म्हणाले. "बाहेरचं तेच ठेवून आतलं बदललंस. हे कुठे शिकलीस?"

"खांबाआड."

शास्त्रीबुवांनी दोरीला एक पीळ घातला. मग म्हणाले, "माप घेतलंस तेव्हा गाडीत कोण होतं?"

"कोणी नाही. रिकामी होती. रिकामीच असते मोजताना."

"आणि नंतर फिरवून आणलीस तेव्हा?"

"मी एकटी."

"मग हे माप कुणाचं घेतलंस, प्रभे?"

प्रभावतीच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. शंभर वेळा तिने ते पाहिलं होतं. वेदी आखायच्या आधी, दोरी हातात घ्यायच्याही आधी, अण्णा यजमानाला उभं करायचे. कुणी सेठ, कुणी संस्थानिक, कुणी गरीब अग्निहोत्री, सगळ्यांना सारखंच. अनवाणी, हात डोक्यावर सरळ उंच. पायाच्या टाचेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दोरी धरायची, आणि तेवढं एक माप. त्या एका मापातून वेदी, विटा, सगळं निघायचं. उंच यजमानाची वेदी मोठी, बुटक्याची लहान. एकदा एका घाईतल्या पुढाऱ्याने 'गेल्या वर्षीचंच माप धरा, मी उशिरा येतो' असा निरोप धाडला होता, तर अण्णा दोरी गुंडाळून घरी निघून आले होते. आणि या माणसाच्या मुलीने, जिने बाजारभर दोरीची शेखी मिरवली, यजमान उभा न करता माप घेतलं होतं. केसरवानीसारख्याने ही चूक केली असती तर ती समजू शकली असती. त्याच्या घरात कुणी वेदी आखत नव्हतं.

"डॉक्टर एकशे आठ किलोचे आहेत," ती हळूच म्हणाली. "स्वरदा सत्तर तरी. वर सामान. गाडी एवढीशी, हलकी. बसले की मागून चार बोटं खाली जात असणार."

"आणि तुझी फट किती बोटांची होती?"

"दोन."

शास्त्रीबुवा हसले. चिडवण्यासारखं नव्हतं ते हसणं, पण थोडं होतंही. "उद्या किती वाजता मोजणार आहेस?"

"नऊला."

त्यांनी पुन्हा दोरी हातात घेतली. प्रभावती निघाली तेव्हा तिला माळ्यावरची चाकं आठवत होती. चौदा इंची अलॉयचा एक संच, गेल्या वर्षी कुणीतरी मागवून न नेलेला, साध्या पाच आऱ्यांचा. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी तो बघून नाक मुरडलं होतं. त्यावर एकशे पंचाहत्तर रुंदीचा टायर चढवला तर उंची पाचशे सहासष्ट होत होती. कंपनीच्या चाकापेक्षा पाच मिलिमीटर जास्त, म्हणजे एका फेऱ्याला बोटभर अंतर. पण रिम अरुंद, चाक आत राहणार, आणि टायरला बनारसचे खड्डे सोसण्याइतकी जाडी असणार. रस्त्याने जाता जाता तिने मनातल्या मनात आकडे मांडले, मोडले, पुन्हा मांडले. संकठा घाटाकडे वळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत तिची चाल पूर्ववत झाली होती.

शनिवारी नऊला डॉक्टर-जोडपं आलं, आणि सव्वानऊला दुकानासमोर एक सायकल रिक्षा थांबली. तीतून वासुदेवशास्त्री उतरले. धोतर, उपरणं, हातात स्वतःचा लोटा, कारण बाहेरचं पाणी त्यांना चालत नव्हतं. लस्सीवाल्याचा हात पुन्हा थांबला. मुस्तकीमने धावत जाऊन स्टूल आणलं, ते तेलकट होतं म्हणून त्यावर कोरं पोतं घातलं, आणि अदबीने बाजूला झाला. शास्त्रीबुवांनी पाटीच्या रिकाम्या जागेकडे एकदा पाहिलं आणि बसले. प्रभावतीने ठरवलं की आधी काम.

"डॉक्टर, स्वरदा, दोघांनी गाडीत बसा. उद्याचं सामान आणलंय ना? तेही मागे ठेवा."

"मोजायला आम्ही कशाला?" स्वरदाने विचारलं.

"चाकं तुमचीच आहेत म्हणून."

दोघं बसले. गाडी मागून अशी खाली गेली की जमलेल्या लोकांत कुणीतरी शीळ घातली. डॉक्टर ताठ बसले, श्वास रोखून.

"पोट आत ओढू नका," स्टुलावरून शास्त्रीबुवांचा आवाज आला. "रोज बसता तसे बसा. तुमचं खरं माप हवंय."

डॉक्टरांनी श्वास सोडला आणि गाडी केसभर आणखी खाली गेली. स्वरदाला हसू आवरेना, आणि कालचा राग तिच्या चेहऱ्यावरून पार निघून गेला.

प्रभावतीने चाकाच्या मध्यापासून कमानीच्या काठापर्यंत दोरी लावली. परवा रिकाम्या गाडीत होतं त्यापेक्षा तीन बोटं आणि वर एक नख कमी. आता मागच्या बाजूने एका मडगार्डच्या ओठापासून दुसऱ्यापर्यंत रुंदी घ्यायची होती, म्हणजे त्यात कोणतं चाक मावतं ते कळणार होतं. या कामाला दोन माणसं लागतात, मध्ये गाडी असते. मुस्तकीम जॅकपाशी अडकला होता. प्रभावतीने दोरीचं टोक कशाला बांधता येईल म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

शास्त्रीबुवा उठले. उपरणं नीट खोचलं, गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेले, आणि त्या ऑइलच्या डागांनी काळ्या पडलेल्या जमिनीवर उकिडवे बसले. त्यांनी हात पुढे केला. "दुसरं टोक इकडे दे. आकडा तू वाच."

प्रभावतीने टोक त्यांच्याकडे सरकवलं. दोरी ताणली गेली. पलीकडची पकड कशी असावी, किती ओढावं आणि कुठे थांबावं, हे सगळं त्या दोरीतून तिच्या बोटांपर्यंत पोचत होतं. नऊ वर्षांची असताना तिने एवढंच मागितलं होतं. तिला इतका आनंद झाला की गाठी दोनदा मोजाव्या लागल्या.

"चौदा," ती उभी राहत म्हणाली. आवाज पुन्हा नेहमीचा होता. "डॉक्टर, चौदा इंच. माळ्यावरची पाच आऱ्यांची. एकशे पंचाहत्तरचा टायर."

"वहिनी, चौदा?" डॉक्टर सीटमधूनच कळवळले. "तेराच्या जागी चौदा म्हणजे फरक काय पडला?"

"काल पंधरा होतं, तेव्हा काय पडला ते ऐकलंत ना? मासिकातली गाडी मासिकात उभी आहे. तीत कुणी बसलेलं नाही. तुम्ही दोघं डोंगरात जाणार, हसत-खेळत परत येणार, त्या मापाचं चाक चौदा इंची आहे. पसंत नसेल तर तेरावर जा, पंधरा मी लावणार नाही."

"लावा," स्वरदा म्हणाली. डॉक्टरांना विचारायची पद्धत त्या घरात नसावी.

तासाभरात चाकं बसली. मुस्तकीमने ओला खडू कमानीच्या आतल्या काठाला जाड लावला, म्हणजे टायर नुसता चाटून गेला तरी खडू पुसला जाणार होता. प्रभावतीने डॉक्टरांना रस्ता सांगितला, "रेल्वे फाटक दोनदा, मग बस अड्ड्यासमोरचे खड्डे. एकही चुकवायचा नाही. स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा. आणि सामान खाली उतरवू नका."

गाडी गेली. पंचवीस मिनिटं बाजारात कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. केसरवानी आपल्या दारातून हळूहळू रस्त्याच्या मध्यापर्यंत आला होता. प्रभावती शांत होती. खरंच होती. काल तिला आकडे बरोबर असल्याची खात्री होती, आज माप कुणाचं आहे हेही माहीत होतं.

लाल गाडी वळणावरून आली, थांबली, आणि कुणी काही बोलायच्या आत मुस्तकीम आडवा होऊन चाकाखाली शिरला. डावीकडे, मग उजवीकडे. बाहेर आला तेव्हा त्याने आपला पंजा वर करून दाखवला. "खड़िया जैसी की तैसी है, बहूजी. मक्खी भी नहीं बैठी."

डॉक्टर उतरले, चाकांकडे लांबून बघितलं, मग जवळून, मग डोकं तिरकं करून. "तशी बरी दिसतायत की," ते म्हणाले, आणि हे त्यांनी स्वतःहून म्हटलं.

पाटी बाहेर आणायला प्रभावतीला जावं लागलं नाही. मुस्तकीमने ती आधीच फडक्याने पुसून दारात ठेवली होती. लावताना शिडीचा एक पाय डगमगला, आणि तो येऊन धरला केसरवानीने. धरला आणि वर न बघता म्हणाला, "गाड़ी भरके नापना चाहिए. हम भी खाली नापते रहे बीस साल." प्रभावतीने उरलेले नट आवळले. खाली उतरल्यावर तिने त्यालाही चहा सांगितला.

शास्त्रीबुवा पाटीखाली उभे राहून ती वाचत होते. पहिल्यांदाच वाचत होते. ओठ हलत होते, 'प्रभावती देवी साने' इथे जरा थांबले.

"सोमवारी सकाळी पाठशाळेच्या अंगणात वेदी आखून दाखवायची आहे मला," ते पाटीकडे बघतच म्हणाले. "विद्यार्थी नवे आहेत, त्यांचा हात थरथरतो. दोरीला दुसरीकडून नीट धरणारं माणूस हवंय." मग तिच्याकडे वळले. "धरशील?"

प्रभावतीने काळे झालेले हात फडक्याला पुसले. एकोणतीस वर्षं ती या प्रश्नासाठी थांबली होती असं कुणी म्हटलं असतं तर तिने ते नाकारलं असतं, आणि ते नाकारणं खोटं ठरलं असतं.

"दहाला दुकान उघडावं लागतं, अण्णा," ती म्हणाली. "सातला येते. यजमानाला मात्र वेळेवर बोलवा."